समोरच्याची वाक्यं

"मिस्टर ट्रेव्हॉरो, तुम्ही वकिली सोडलीत, की वकिलीनं तुम्हाला सोडलं?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला, तेव्हा कुठं टॅम्सिनला कळलं की आपण तो खरंच विचारला. अकरावीच्या सगळ्या पोरी आणि पोरं हसली, कारण स्वतःच्या बापाला मिस्टर म्हणणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. शेजारी बसलेल्या डेस्पिनानं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. पैज डेस्पिनाचीच होती. तिचा कुणी काका ॲडलेडच्या कोर्टात कारकून होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे फर्गस ट्रेव्हॉरोनं नट व्हायला वकिली वगैरे सोडली नव्हती, त्याला हाकललं होतं. "मग विचार ना," डेस्पिना सकाळी बसमध्ये म्हणाली होती, "की घाबरतेस? तुझा बाप आहे, खाणार आहे का तुला?" पलीकडून थुईनं भर घातली होती, "ती कसली विचारतेय! घरी मांजर, होडीत वाघीण." टॅम्सिनला हेच नेमकं सहन होत नसे. तशी वर्षभरापूर्वीपर्यंत ती घरी-दारी सगळीकडेच मांजर होती. या वर्षी तिला, अंगानं सगळ्यांत लहान म्हणून, शाळेच्या होडीत टोकाला बसवलं, वल्ही मारणाऱ्या चौघींवर ओरडायला. आणि पहिल्याच दिवशी पाण्यावरून तिचा आवाज असा काही गेला की काठावरचे बगळे उडाले. इतका मोठा आवाज आपल्या पोटात होता आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणून ती त्या रात्री गादीवर उड्या मारत होती. तेव्हापासून ती वर्गात हात वर करायची, बेकरीत रांग मोडणाऱ्याला टोकायची, विनाकारण मोठ्यानं हसायची. म्हणून तिनं विचारलं. आणि, म्हणजे हेही खरंच होतं, की तिला उत्तर माहीत नव्हतं.

स्टेजवर बाबानं चष्मा काढला. दुमडला. खिशात ठेवला नाही, हातातच धरला. "एका सकाळी," तो म्हणाला, आणि आवाज इतका खाली आणला की मागच्या रांगा पुढं वाकल्या, "एका सकाळी मी आरशासमोर उभा होतो. कोर्टात जाताना गळ्याला पांढरी पट्टी बांधतात, ती बांधत होतो. आणि मला कळलं, की ज्यांना मी वाचवलं त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. हात आठवत होते. चेहरे नाही." मिस हॉलोरन बाईंनी, ज्यांनी हा 'शाळेनंतर पुढं काय' नावाचा शुक्रवार ठरवला होता, नाकाला रुमाल लावला. डेस्पिनाची चिमट्याची बोटं सैल पडली. टॅम्सिननं मात्र हे आधी कुठंतरी ऐकलं होतं. चष्मा. हात. चेहरे नाहीत. मूळ प्रसंगात ती पट्टी नव्हती, रबरी हातमोजे होते. ज्यांना वाचवलं ते अशील नव्हते, पेशंट होते. आणि आता तो दोन श्वास थांबेल, खिडकीकडे बघेल. बाबा थांबला, बाबानं खिडकीकडे बघितलं. आणि मग नर्स बोलेल. तिची जीभ आपोआप वळली. "मग तुम्ही घरी काय सांगितलंत?" टॅम्सिन म्हणाली. सपाट, एका सुरात, बसचं वेळापत्रक वाचल्यासारखं. आणि स्टेजवरून, क्षणाचाही खंड न पाडता, बाबा म्हणाला, "काहीच नाही. घरी सगळे झोपले होते." अख्ख्या सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. "सॉरी यार," डेस्पिना तिच्या कानात म्हणाली, "माझा काका गाढव आहे." थुईचे डोळे भरले होते. टॅम्सिन टाळ्या वाजवत होती. हात दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वाजत होते.

हे कसं झालं हे सांगायचं तर घरामागची ती खोली सांगायला हवी. कपडे धुवायच्या मशीनला लागून असलेली, समुद्राकडे खिडकी असलेली, आणि ती खिडकी कायम काळ्या कापडानं बंद केलेली. भिंतीवर राखी-निळा पडदा, दोन दिवे, तिकाटण्यावर फोन. हल्ली नटाला कुणी बोलावून घेत नाही. सिडनीहून नाहीतर थेट अमेरिकेहून चार पानं येतात, नटानं आपल्या घरी ती कॅमेऱ्यासमोर करायची आणि पाठवून द्यायची. पण प्रसंगात समोर कुणीतरी असतं. त्या समोरच्याची वाक्यं वाचायला कॅमेऱ्याच्या शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. त्यानं अभिनय करायचा नाही. दिसायचं नाही. आवाजात रंग आणायचा नाही, नाहीतर बघणाऱ्याचं लक्ष नटावरून उडतं. आधी हे काम आई करायची, पण प्रेमाच्या प्रसंगात आईला हसू फुटायचं, आणि बाबा "ॲनेलीज, प्लीज" म्हणाला की आणखी फुटायचं. मग टॅम्सिन आली. नऊ वर्षांची होती, पायांखाली कपड्यांची टोपली पालथी घातली होती. तेव्हापासून ती बाबाची बायको झाली, पाद्री झाली, खुनी झाली, न्यायाधीश झाली, पिस्तूल रोखलेली गुप्तहेर झाली, सगळी एकाच आवाजात. बाबा म्हणायचा, "टॅमी, तुझ्यासारखा वाचणारा अख्ख्या देशात नाही. तू असतेस आणि नसतेस." नऊ वर्षांच्या पोरीला केवढा अभिमान वाटला होता त्याचा! असणं आणि नसणं. तिनं ते आरशासमोर करून बघितलं होतं.

बाबाचं नट होणंही तसं अपघातानंच. निदान पाहुण्यांना सांगायची गोष्ट तशी होती: तरुण बॅरिस्टर, चित्रीकरणवाल्यांनी बोलावलं, की बुवा कोर्टात उभं कसं राहतात, साक्षीदाराकडे कसं बघतात ते आमच्या नटाला शिकव, नटाला पोटात कळ आली, दिग्दर्शक म्हणाला एवढा एक शॉट तूच मार, आणि त्या एका शॉटमधून ग्रॅहम पेल जन्माला आला. इथं पाहुणे हसत. ग्रॅहम पेल ही कोर्टातल्या मालिकेतली वकिलाची भूमिका, जी बाबानं टॅम्सिनच्या जन्माआधीपासून ती तिसरीत जाईपर्यंत केली. मालिका बंद पडली, पेल काही बंद पडला नाही. लोक अजूनही त्याला पेट्रोल पंपावर गाठून शेजाऱ्याच्या कुंपणाविषयी सल्ला विचारत, आणि वाईट म्हणजे बाबा देत असे, तोही पेलच्या आवाजात. नंतर त्याला जे मिळालं ते सगळं काळ्या झग्यातलं. दारुडा न्यायाधीश, घटस्फोटित वकील, मेलेला वकील. एका अमेरिकन मालिकेत तर दोनच भाग, दुसऱ्यात लिफ्टमध्ये गळा दाबलेला वकील. आई घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं बघणारी खरीखुरी वकील. दोघं कायद्याच्या वर्गात भेटलेली. ती म्हणायची, "माझी सनद भिंतीवर आहे, तुझी तुझ्या चेहऱ्यावर छापलीय. कुठं लपवशील?" बाबा हसायचा. हसून झाल्यावर त्याचा चेहरा जागेवर यायला जरा वेळ लागायचा. हे टॅम्सिनला दिसायचं, कारण तिचं कामच त्या चेहऱ्याकडे बघत उभं राहण्याचं होतं.

शुक्रवारी परतताना गाडीत दोघंच. बाबानं वाटेत बेकरीसमोर गाडी थांबवून जॅम आणि क्रीम भरलेले दोन किचनर बन आणले; आतली बाई काउंटर सोडून दारापर्यंत आली होती आणि "मिस्टर पेल, पुन्हा या" म्हणत होती. टॅम्सिननं बन मांडीवर धरला, खाल्ला नाही. "बाबा, ते सर्जनचं होतं." "काय?" "आज बोललास ते. गेल्या हिवाळ्यात केलेलं. सर्जन आणि नर्स. ते काम तुला मिळालं नव्हतं." बाबा हसला, क्रीमचा ठिपका नाकाला लागला. "ओळखलंस होय! आणि काय टायमिंग गं तुझं. मी अडकणार होतो, तू उचलून धरलंस. अगं, इतकं चांगलं लिहिलेलं कुणी बघितलंसुद्धा नाही. वाया का घालवायचं?" "पण मी खरं विचारलं होतं." "ते तर चुकलं ना तुझं," तो गियर बदलत म्हणाला, "वकिलीतला पहिला धडा. साक्षीदाराला तोच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे." हेही वाक्य पेलचं होतं. ते तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं की तिला माहीत आहे, आणि तरीही ते गाडीत दोघांच्या मध्ये छान, चकचकीत, पॉलिश केलेलं बसून राहिलं. बाहेर समुद्र होता, धक्क्यावरून पोरं पाण्यात उड्या टाकत होती. काच खाली होती. एवढी मोकळी हवा, आणि टॅम्सिनला वाटत होतं आपण त्या काळं कापड लावलेल्या खोलीतच आहोत, फक्त खोलीला चाकं लावलीत.

घरी आल्यावर ती पलंगावर पडली आणि एकेक काढून बघायला लागली, जशी आई एखाद्या घराचे जुने कागद उन्हाकडे धरून बघते. आजी गेली तेव्हा. हॉस्पिटलच्या बाहेर, गाडीत, बाबानं तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली होती आणि म्हणाला होता, "रड हवं तेवढं, फक्त श्वास धरून ठेवू नकोस." केवढं जपलं होतं तिनं ते. होडीत, शर्यत सुरू व्हायच्या आधी ती ते मनात म्हणायची. ते कुणाचं? ती हनुवटी वर करणं? त्याआधी कधीतरी त्या खोलीत एखादी मुलगी किंवा बायको रडली होती का, टॅम्सिनच्याच सपाट आवाजात, आणि राखी-निळ्या पडद्यासमोर बाबानं हवेतली हनुवटी वर केली होती का? आठवेना. आठवत नव्हतं म्हणजे नव्हतंच असं नाही. आई-बाबांचं मोठं भांडण झालं होतं आणि बाबा बंद दाराला कपाळ लावून म्हणाला होता, "दार उघडू नकोस, फक्त मी इथं आहे एवढं ऐक," आणि आईनं दार उघडलं होतं, ते? तिच्या सोळाव्या वाढदिवसाचं भाषण? सकाळचं "उठा महाराणी"? एकदा शंका घुसली की ती मुंगीसारखी, एक नसतेच. आणि मग सगळ्यांत घाण गोष्ट लक्षात आली. थुईचा कुत्रा मेला तेव्हा थुईची हनुवटी दोन बोटांनी वर करून तिनं, टॅम्सिननं, तेच वाक्य म्हटलं होतं. मध्ये बाबा थांबला होता तिथंच थांबून. आणि थुई तिच्या गळ्यात पडून म्हणाली होती, तुझ्यासारखं कुणी बोलत नाही गं. टॅम्सिननं उशी तोंडावर दाबली आणि उशीत ओरडून बघितलं. आवाज मोठा होता. पण कुणाचा, ते उशीतून काही कळलं नाही.

शनिवारी सकाळी टेप होती, म्हणजे आलेली पानं कॅमेऱ्यासमोर करून पाठवायची होती. साधीसुधी नव्हे. या वेळी पानं आली ती वकिलाची नव्हतीच: वाळवंटातल्या विहिरीवर, मेंढ्यांना पाणी पाजणारा एकटा माणूस. पहिली टेप अमेरिकेत आवडली होती, दुसरी मागवली होती, आज दुपारपर्यंत. तीन नटांतून एकाला निवडायचं होतं. बाबा आठवडाभर घरात दाढी वाढवून फिरत होता, आईशी सुद्धा हळू बोलत होता. "हे मिळालं ना," तो चहाच्या वेळी अर्धंच म्हणाला होता आणि आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. प्रसंग एवढाच: एक बाई गाडीतून येते, पाणी मागते, आणि सांगते की तुमचा भाऊ गेला. माणूस काही बोलत नाही. संपलं. सगळं बोलणं समोरच्याचं, म्हणजे टॅम्सिनचं. बाबानं फक्त ऐकायचं.

आणि बाबाला तेच येईना. टॅम्सिननं वाचलं, "तुमच्या भावाचं नाव रूब ना? तो मंगळवारी गेला." वाक्य संपायच्या आत बाबाच्या भुवया तयार. जबडा तयार. पुन्हा. "तो मंगळवारी गेला," आणि बाबानं मान हलवली, अगदी बरोबर, अगदी वेळेवर, साक्षीदारानं अपेक्षेप्रमाणे उत्तर दिल्यावर वकील हलवतो तशी. "छे," तो स्वतःच म्हणाला. पुन्हा. खोलीत दिव्यांचा उकाडा झाला. पलीकडे मशीनमध्ये कपडे गरगरत होते, ते आईनं येऊन बंद केलं आणि ती दारातच थांबली. पुन्हा. आता तो दुःखी दिसायला लागला, डोळे सुद्धा ओले झाले, आणि ते तर भयंकर होतं, कारण ते ओले व्हायची जागा टॅम्सिनला पाठ होती. "मला ऐकूच येत नाहीये," बाबा म्हणाला, तळव्यांनी डोळे चोळत, "तू बोलायच्या आधीच मला माहीत असतं गं." त्यानं फोनचं बटण दाबून टेप थांबवली. "पाच मिनिटं थांबू." पण तो जागेवरून हलला नाही. टॅम्सिनही नाही. इतकी वर्षं दोघं असेच उभे होते, एक प्रकाशात आणि एक प्रकाशाच्या कडेला, आणि तिला वाटलं आपण असेच उभे राहणार. तो म्हातारा होणार, ती आईएवढी होणार, आणि कुणीतरी पाठवलेली पानं येतच राहणार.

"बाबा," ती म्हणाली, "तू वकिली का सोडलीस?"

"अगं, आत्ता..." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून चष्म्याकडे हात गेला, चष्मा नव्हता, हात परत आला. "एका सकाळी मी आरशासमोर..."

"ते नको."

"बरं. चित्रीकरणवाले आले होते, त्यांचा नट..."

"तेही नको, बाबा. पोटातली कळ नको. पेल नको. काका-बिका कोण काय म्हणतात तेही मला नकोय. तू सांग."

बाबानं तोंड उघडलं. दारात आईनं चहाचा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बाबाच्या कपाळावर काहीतरी आलं आणि गेलं, जसं कुणी ओळखीच्या घरात शिरावं आणि जिना जागेवर नसावा. "मी," तो म्हणाला. "तसं म्हणजे... एक खटला होता. नाही, त्यामुळं नाही. हाकललं-बिकललं नाही मला कुणी. मला वाटतं मी..." तो थांबला. हे थांबणं टॅम्सिनच्या ओळखीचं नव्हतं. हे कुठल्याच पानावर नव्हतं. फार लांब होतं, वेडंवाकडं होतं, त्याच्या मध्येच त्यानं नाक ओढलं. "मला आठवत नाही, टॅमी," बाबा म्हणाला. "इतक्यांदा सांगितलंय ना मी ते. आता आत गेलो की नुसती सांगितलेलीच गोष्ट सापडते. खरं काय होतं ते... मला खरंच नाही आठवत गं." आणि तो तिच्याकडे बघत राहिला, काही मिळण्याची वाट न बघता. चेहऱ्यावर काहीच तयार नव्हतं. वकील नव्हता, नट नव्हता, तिचा बाप होता की नाही हेही धड सांगता आलं नसतं. एक दाढी वाढलेला, हरवलेला माणूस होता, आणि टॅम्सिनला तो अचानक फार आवडला. ती एक पाऊल प्रकाशात टाकणार होती.

"फर्गस," दारातून आई कुजबुजली, "हलू नकोस."

आई मांजराच्या पावलांनी आत आली. कप मशीनवर ठेवला. तिचा अंगठा फोनवर गेला आणि चित्रण चालू झाल्याचा लाल ठिपका लागला. "हेच," ती श्वासातच म्हणाली, तिचे डोळे भरून आले होते, खरेच भरून आले होते. "हाच चेहरा. टॅमी, वाच. भावाचं वाच. पटकन, जाईल नाहीतर!"

आणि बाबा हलला नाही. तेवढं मात्र टॅम्सिनला स्वच्छ दिसलं. त्यानं नको म्हटलं नाही, हसला नाही, हात वर केला नाही. काठोकाठ भरलेला पेला धरावा तसा तो चेहरा जपून धरून उभा राहिला, आणि तिच्या ओठांकडे बघत वाक्याची वाट बघायला लागला. टॅम्सिनची जीभ वळायला तयारच होती. एवढं एकच वाक्य, तेही सपाट, तिला झोपेतसुद्धा आलं असतं. आणि ते म्हटलं की विहिरीवरचा माणूस बाबाला मिळणार होता. सात वर्षं चेहरे बघून तिला एवढं नक्की कळत होतं. झग्यातून सुटणार होता तो. आई रडणार होती, संध्याकाळी धक्क्यावर मासे-चिप्स, बाबा म्हणणार होता तुझ्यासारखा वाचणारा अख्ख्या देशात नाही. सगळं पुढचं तिला लिहून आल्यासारखं दिसत होतं. लाल ठिपका लुकलुकत होता. "टॅमी, सोन्या," आई म्हणाली, "वाच ना."

टॅम्सिननं हातातली पानं कपड्यांच्या टोपलीत टाकली, पुढं वाकून फोनच्या कॅमेऱ्यावर तळवा पालथा ठेवला, आणि बोलायला लागली तेव्हा आवाज सपाट आला नाही, वाघिणीसारखाही आला नाही. आधी चिरकला, मग फार मोठा झाला, मध्येच नाकातून आला.

"नाही वाचणार. बाबानं आत्ता जे सांगितलं ते मला सांगितलंय, आई. मला! फोनमध्ये आलेला तो चेहरा पुसून टाक, तो कुठंही पाठवायचा नाही. आणि मी आता नाही वाचणार. आज नाही, पुढंही नाही, काम मिळणार असलं तरी नाही. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."